पुन्हा: कोल्हापूरच्या घरात उंच स्पीकर, पायाखाली काय ठेवू?

प्रेषक: शाहूपुरीवाला (टोरांटो, सध्या कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार.
मंडळाच्या फराळाच्या ऑर्डरींमध्ये हा विषय घुसवतोय, माफी असावी. सुट्टीला घरी आलोय. बाबांचं आयुष्य देवल क्लबात गाणं ऐकण्यात गेलं, आता जिना उतरवत नाही. म्हणून जमिनीवर उभे राहणारे दोन स्पीकर आणले, एकेक २४ किलोचा. खोक्यात स्पीकरच्या तळाला लावायचे टोकदार स्पाइकही आहेत आणि रबरी पायही. खाली हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, वर माडीवर आजोबांच्या वेळची सागवानी फळ्यांची जमीन. बाबा वरच बसतात. वर लावून बघितलं तर डग्गा असा घुमतो की ठेका कळत नाही. शिवाय आईने सांगून ठेवलंय, फरशीला ओरखडा दिसला तर स्पीकरसकट बाहेर.
काय लावू?

प्रेषक: उद्यमनगर (न्यू जर्सी)

अरे वा, मंडळात निदान एकाने तरी कामाचं विचारलं.

स्पाइक कशासाठी निघाले ते आधी बघ. इकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो. सपाट पाय त्याच्या लवीवर डुगडुगतो; टोक मात्र लव भेदून खालच्या कडक जमिनीवर टेकतं आणि स्पीकर हलायचा थांबतो. काम एवढंच. कोल्हापुरात गालिचा कुठला?

आता हिशोब कर. २४ किलो चार पायांवर म्हणजे प्रत्येकी ६. टोक एक चौरस मिलिमीटरचं धरलं तर दर चौरस सेंटिमीटरला ६०० किलो. अनवाणी उभ्या माणसाचा तोच आकडा पाव किलोच्या आसपास येतो. त्या भाराने चांगली बसवलेली टाइल चिरडत नाही, पण खाली सिमेंट नीट भरलं नसेल तर पोकळीवर वाकून तडकते. नाण्याने ठोकून बघ. भरीव टाइल ‘टक’ वाजते, पोकळ टाइल मडक्यासारखी. आणि स्पाइक लावलेला स्पीकर सरकवायचा नाही, दोघांनी उचलायचा. ओरखडे सरकवतानाच पडतात.

स्लॅबवरची टाइल मुळात फारशी थरथरत नाही. तिथे स्पीकर डुगडुगू नये, बास. रबरी पाय पुरतात. स्पाइकच हवे असतील तर खाली मधोमध खळगा असलेल्या पितळी चकत्या. आपल्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला आठ चकत्या सांग, हसत करून देईल. जाताना एक स्पाइक बरोबर ने, आणि स्पीकरचे आटे एम ६ (६ मिलिमीटरचे) आहेत की एम ८ तेही बघून ठेव. मी स्वतः न बघता आणलेत, म्हणून सांगतो.

माडीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. फळ्यांची जमीन म्हणजे मोठा डफच. स्पीकर तिला हलवतो आणि मग तीच वाजते. तिथे स्पाइक लावणं म्हणजे डफावर काठी टेकवणं. मऊ काहीतरी हवं, पण मऊ म्हणजे वजनाखाली दिसण्याइतकं दबणारं. रबर १ मिलिमीटर दबलं तर त्याची स्वतःची कंपनसंख्या साधारण १६ हर्ट्झ (सेकंदाला १६ कंपनं), ४ मिलिमीटर दबलं तर ८. त्याच्या सुमारे दीडपटीच्या वर ते कंपनं अडवू लागतं. दगडासारखं कडक रबर लावलंस तर नुसता खर्च. फार मऊ लावलंस तर उंच स्पीकर डुलेल आणि नातवंडांच्या अंगावर येईल. म्हणून दीड फूट चौरस, इंचभर जाडीचा कडाप्पा घे (साधारण १४ किलो भरतो), त्याखाली रबर, वर स्पीकर. जागा तुळईच्या डोक्यावर, दोन तुळयांच्या मधे नको.

प्रेषक: ताराबाई पार्क (लेस्टर)

उद्यमनगरच्या दादांचं पटलं, पण गालिचा बघून फसू नका. इकडच्या जुन्या घरांत गालिच्याखाली फळ्याच असतात. आम्ही हौसेने स्पाइक लावले आणि भिंतीपलीकडच्या आजींना आमचं सगळं गाणं पाठ झालं.
रबराबद्दल अजून एक. पॉलिश केलेल्या लाकडावर काही रबरं काळपट डाग सोडतात. आमच्या ओकवर दोन वर्तुळं अजून आहेत, वर कुंडी ठेवलीय. मध्ये काहीतरी घालाच. आणि साधे लोखंडी स्पाइक पावसाळ्यात ओल्या फरशीवर गंजले तर डाग शहाबादीत मुरतो, घासून जात नाही.

प्रेषक: शिवाजी पेठ (दुबई)

भावा, पायाचं नंतर बघ की. स्पीकर कोपऱ्यात हाय न्हवं? मग डग्गा घुमणारच. भिंतीपासनं दोन फूट फुडं वड आणि मग सांग.

प्रेषक: शाहूपुरीवाला

शिवाजी पेठकर, तुमच्या पाया पडतो. कोपऱ्यातच होते. ओढले आणि घुमणं निम्म्याहून जास्त गेलं, एक पैसा खर्च न करता.
उरलेलं कडाप्पा आणि रबराने. दगड माडीवर चढवताना मी आणि शेजारचा पोरगा जिन्यात अडकलो, तो किस्सा वेगळा. पाणसळ लावून बघितली तर जमीन एका बाजूला बोटभर उतरलेली, म्हणून एका कडेच्या रबराखाली प्लायचे तुकडे घातले. आता खर्जातला तानपुरा वेगळा आणि डग्गा वेगळा ऐकू येतो. बाबा काही बोलले नाहीत, पण जेवायला दोनदा बोलवावं लागलं.
खाली हॉलमध्ये जुने छोटे स्पीकर स्टँडवर ठेवलेत. ठोकून बघितल्यावर डाव्या स्टँडखालची टाइल पोकळ निघाली, तो हातभर सरकवला. पितळी चकत्या मिळाल्या, त्यांच्या तळाला नमदा चिकटवला. पण आई रोज ओल्या फडक्याने फरशी पुसते आणि नमदा भिजून फुगतो. चपलेच्या तळाचं चामडं लावलं तर टिकेल का? कुणी करून बघितलंय?