अपलोडच्या फोल्डरला ७७७ परवानगी देणे हा उपाय मानावा का?

धागाकर्ता
लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचा प्रकल्प उबुंटू लिनक्सच्या सर्व्हरवर चढवला आणि फोटो अपलोड करताना ‘परमिशन डिनाइड’ आले, की बहुतेक जण त्या फोल्डरला ७७७ देऊन मोकळे होतात. ही सवय पूर्णपणे बंद व्हावी, असे माझे ठाम मत आहे. ७७७ म्हणजे मालक, गट आणि इतर सर्व या तिघांनाही वाचण्याची, लिहिण्याची व आत शिरण्याची मुभा. त्यामुळे त्या सर्व्हरवरचा कोणताही प्रोग्राम तिथे हवी ती फाइल ठेवू शकतो. खरा प्रश्न पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारी सेवा) कोणत्या यूजरच्या नावाने चालते हा असतो. उबुंटूवर तो यूजर सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतो, तर फाइली मात्र एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत आलेल्या आपल्या यूजरच्या मालकीच्या असतात. म्हणून संपूर्ण प्रकल्पाची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाकडे द्यावी, फोल्डरांना ७५५ (लिहिणे फक्त मालकाला, इतरांना वाचणे व आत शिरणे) व फाइलींना ६४४ (लिहिणे फक्त मालकाला, इतरांना वाचणे) ठेवावे.

प्रतिसाद १
असहमत. शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटलेला असतो तिथे) रूट म्हणजे सर्वाधिकारी यूजर आपल्याकडे नसतो, त्यामुळे मालकी बदलताच येत नाही. शिवाय निदानासाठी ७७७ उपयोगी पडते: ते दिल्यावर अपलोड चालले तर दोष परवानग्यांचा, नाही चालले तर कोडचा, हे लगेच कळते. नंतर ते मागे घ्यावे. सरसकट बंदी कशासाठी?

प्रतिसाद २
हे निदानच फसवे आहे. उबुंटू २१.०४ पासून नव्या यूजरचे होम फोल्डर ७५० परवानगीने (मालक व गट सोडून इतरांना काहीच मुभा नाही) तयार होते. प्रकल्प होममध्ये ठेवला असेल, तर आतल्या अपलोड फोल्डरला ७७७ दिले तरी वेब सर्व्हरच्या यूजरला वरच्या दारातूनच आत येता येत नाही, आणि आपण मात्र कोडमधला दोष शोधत बसतो. रेड हॅटच्या सर्व्हरवर एसई-लिनक्स (परवानग्यांखेरीजची वेगळी सुरक्षा-व्यवस्था) चालू असेल, तर फोल्डरचे लेबल योग्य नसल्यामुळेही लिहिणे अडते आणि तिथे ७७७ चा काहीही उपयोग होत नाही. एंजिनएक्स या वेब सर्व्हरची अपलोडसाठीची मूळ मर्यादा १ एमबी आहे. त्यापुढे ४१३ (फाइल फार मोठी) ही एरर येते, त्याचा तर परवानग्यांशी संबंधच नाही. त्यामुळे आधी एरर लॉग वाचावा आणि ‘नेमआय’ या कमांडला ‘एल’ पर्याय देऊन मार्गातील प्रत्येक फोल्डरची मालकी व परवानगी पाहावी. बहुतेक वेळा अडलेली पायरी तिथेच दिसते. शेअर्ड होस्टिंगबद्दल म्हणाल, तर तिथे पीएचपी अनेकदा खातेदाराच्याच यूजरने चालते, म्हणजे ७५५ पुरते.

प्रतिसाद ३
७७७ बद्दल धागाकर्त्यांचे बरोबर आहे, पण त्यांचा उपाय मला तितकाच धोक्याचा वाटतो. संपूर्ण प्रकल्प डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीचा केला, तर ॲप्लिकेशनमधील एखाद्या फटीतून शिरलेला माणूस आपला कोडच बदलू शकतो. कोडची मालकी डिप्लॉय करणाऱ्या (कोड सर्व्हरवर चढवणाऱ्या) यूजरकडे असावी, वेब सर्व्हरला तो फक्त वाचता यावा, आणि लिहिण्याची मुभा ‘स्टोरेज’ व ‘बूटस्ट्रॅप’मधील ‘कॅश’ या दोनच ठिकाणी असावी. त्या फोल्डरांचा गट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा करून त्यांना २७७५ (७७५, म्हणजे मालक व गटाला लिहिण्याची मुभा, आणि पुढचा २ गट पुढे चालवण्यासाठी) दिले, की आत तयार होणाऱ्या नव्या फाइलींना तोच गट मिळतो. मात्र यूमास्क (नव्या फाइलींमधून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा) ०२२ असेल तर गटाला लिहिता येत नाही, म्हणून ००२ करावा किंवा डीफॉल्ट एसीएल (नव्या फाइलींना आपोआप लागणारी परवानग्यांची यादी) लावावी. आणि लोकांनी चढवलेल्या फाइलींच्या फोल्डरात पीएचपी चालणार नाही, अशी सोय एंजिनएक्समध्ये केलीच पाहिजे, कारण हे राहिले तर वरची सगळी काळजी वाया जाते.

धागाकर्ता
तत्त्व म्हणून मान्य आहे, पण वर्डप्रेसचे काय? २०१३ मधील ३.७ आवृत्तीपासून ते छोटे सुरक्षा-अपडेट स्वतःच बसवते आणि त्यासाठी त्याला स्वतःच्या फाइली लिहाव्या लागतात. ज्या छोट्या संस्थेकडे सर्व्हर पाहणारा माणूसच नाही, तिथे कोडला कुलूप लावले तर अपडेट थांबतील, आणि मला जुनी आवृत्ती हा अधिक मोठा धोका वाटतो.

प्रतिसाद ३
तिथे डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसचे कमांड-लाइन साधन) क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीतून) फाइलींच्या मालक यूजरच्या नावाने चालवावे. अपडेट वेळेवर होतात आणि वेब सर्व्हरच्या हाती फक्त अपलोडचे फोल्डर राहते. मांडणी करणाऱ्याने हे एकदाच लावून द्यायचे आहे; संस्थेला त्यासाठी रोज सर्व्हर पाहणारा माणूस लागत नाही.