एलएम७५ चे तापमान ३२७९३ असे का येते?

प्रश्न: एलएम७५ ही तापमान मोजणारी चिप मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या आयटूसी बसला (दोन तारांवरून चिपांशी संवाद साधण्याच्या जोडणीला) जोडली असून ती हेक्स (सोळा-आधारी) ४८ या पत्त्यावर प्रतिसादही देते, मात्र शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमधून (चिपमधील साठवणीच्या कप्प्यातून) वर्ड, म्हणजे दोन बाइट, वाचला की हेक्स ८०१९, म्हणजे दशमानात ३२७९३, असा आकडा मिळतो. चिप बिघडली आहे, की जोडणी चुकली आहे?

पहिले उत्तर: दोन्ही ठीक आहेत, फक्त बाइटांचा क्रम उलटा लागला आहे. एलएम७५ वरचा बाइट आधी पाठवते, तर एसएमबस या आयटूसीवर आधारलेल्या संवाद-पद्धतीच्या वर्ड-वाचनात आधी आलेला बाइट खालचा मानला जातो. अदलाबदल केल्यास हेक्स १९८० मिळेल: हेक्स १९ म्हणजे २५, आणि ८० मधला सर्वांत वरचा बिट म्हणजे अर्धा अंश, एकूण २५.५ अंश सेल्सिअस.

दुसरे उत्तर: त्या १६ बिटांना चिन्हासहित पूर्णांक मानून २५६ ने भागावे. चिन्ह विसरल्यास उणे अर्धा अंश, म्हणजे हेक्स एफएफ८०, हा २५५.५ दिसेल, आणि ही चूक चिप फ्रीझरमध्ये ठेवेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, २५.५ आले. पण लॉजिक अ‍ॅनालायझरवर (तारांवरचे बिट दाखवणाऱ्या उपकरणावर) पहिला बाइट हेक्स ४८ नव्हे, ९० दिसतो.

पहिले उत्तर देणारे: पत्ता सात बिटांचा असतो व त्याच्या शेवटी वाचन-लेखनाचा बिट (लेखनास ०, वाचनास १) जोडला जातो, त्यामुळे ४८ ची दुप्पट होते, म्हणून रजिस्टर क्रमांक लिहिताना ९०, आणि पुन्हा स्टार्ट (संवाद सुरू करण्याचा संकेत) देऊन वाचताना ९१.