स्वतः बांधलेले सीएनसी राउटर विकताना : किंमत, किट आणि मध्येच येणारा ‘अलार्म १’

लाकूडवेडा (कोल्हापूर)

नमस्कार. गेली चार वर्षे नोकरी सांभाळून मी घरामागच्या शेडमध्ये छोटे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारी मशीन, बांधत आहे. सध्याच्या मशीनचे कामाचे क्षेत्र ६०० बाय ४०० मिमी असून त्यात नेमा २३ मापाच्या मोटारी, १६०५ बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारे स्क्रू), व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या वीज-नियंत्रकावर) चालणारा दीड किलोवॉटचा स्पिंडल (कोरणारे पाते फिरवणारी मोटार) आणि आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरचे जीआरबीएल फर्मवेअर (मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) आहे. पहिले मशीन निव्वळ हौसेपोटी केले होते. त्यावर कोरलेल्या नावाच्या पाट्या पाहून ओळखीच्या तिघांनी तसेच मशीन मागितले आणि मी ते प्रत्येकी ८० हजारांना दिले. सुटे भाग ६२ हजारांचे पडतात, म्हणजे १८ हजार सुटले, असा माझा हिशेब होता.

तिसरे मशीन निपाणीला देव्हारे करणाऱ्या एका कारागिरांकडे आहे. माझ्या शेडमध्ये सलग सहा तास चाललेले हेच मशीन त्यांच्याकडे काम चालू असताना ‘अलार्म १’ दाखवून थांबते. आतापर्यंत तीन खेपा झाल्या, एकदा आर्डुइनो आणि एकदा मोटारीचा ड्रायव्हर बोर्ड बदलून झाले. त्यात सागवानाचे एक कोरीव दार वाया गेले, त्याची भरपाईही मीच दिली. हा दोष कशाचा असावा? आणि पुढची मशीन जोडून देण्याऐवजी किट स्वरूपात विकली, तर हा व्याप कमी होईल का?

भोसरीचा फिटर

‘अलार्म १’ म्हणजे लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारा स्विच) दाबला गेल्याची खूण फर्मवेअरला मिळाली आहे. गॅन्ट्री (स्पिंडल धरणारी सरकती कमान) टेबलाच्या मध्यावर असताना तो खरोखर दाबला जाणे शक्य नाही, तेव्हा ही खूण खोटी आहे आणि ती बहुधा व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटातून येत आहे. आर्डुइनोच्या पिनांना आतून जे पुल-अप (पिनेवर एरवी व्होल्टेज धरून ठेवणारे रेझिस्टर) असतात, ते २० ते ५० किलोओहमचे, म्हणजे फार दुबळे असतात. त्यांना जोडलेली दोन मीटरची साधी वायर स्पिंडलच्या केबलशेजारून एकाच ड्रॅग चेनमध्ये (वायरी सांभाळणाऱ्या सरकत्या साखळीत) नेली, की ती अँटेनाचे काम करू लागते. अशा वेळी बोर्ड कितीही बदलले तरी फरक पडत नाही.

तुमचे स्विच ‘नॉर्मली ओपन’ (दाबल्यावरच जोडणी होणारे) जोडलेले असावेत असा माझा अंदाज आहे. ते ‘नॉर्मली क्लोज्ड’ (दाबल्यावर जोडणी तुटणारे) करा आणि फर्मवेअरचे सेटिंग क्रमांक ५ उलटवा. मग एरवी ती वायर थेट ग्राउंडला घट्ट बांधलेली राहते, आणि वायर तुटली तरी मशीन थांबते, हा आणखी एक फायदा. काही जण सेटिंग क्रमांक २१ शून्य करून हार्ड लिमिट, म्हणजे स्विच दाबताच थांबण्याची सोयच, बंद करून टाकतात. अलार्म त्यानेही जातो, पण गिऱ्हाइकाच्या मशीनवर असे करणे मला मुळीच मान्य नाही. स्विचच्या वायरी स्पिंडलच्या केबलपासून निदान वीतभर लांब न्या आणि स्पिंडलला शिल्डेड केबल वापरा.

त्याआधी मात्र मल्टिमीटर घेऊन दोन गोष्टी तपासा. पहिली, स्पिंडलच्या बॉडीची व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलशी सलगता आहे का; कारण बाजारातल्या पुष्कळ स्पिंडलांत प्लगची चौथी पिन आतून बॉडीला जोडलेलीच नसते. दुसरी, कारागिरांच्या सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे का. शेडमध्ये चालते आणि तिकडे चालत नाही, यावरून माझा संशय या दुसऱ्या गोष्टीवर अधिक आहे.

आता किमतीबद्दल. सुटे भाग ६२ हजार. जोडणी आणि चाचणीचे नऊ दिवस, दिवसाला एक हजार रुपये धरले तरी नऊ हजार. मशीन जागेवर बसवून शिकवण्याची एक खेप चार हजार. नादुरुस्त निघणाऱ्या भागांसाठी तीन हजार आणि वर्षभराच्या हमीपोटी बाजूला ठेवायचे सहा हजार. बेरीज ८४ हजार होते, म्हणजे ८० हजारांना दिलेल्या प्रत्येक मशीनमागे तुम्ही पदरचे चार हजार घातले आहेत, आणि त्यात सागवानाचे दार धरलेले नाही.

रेषेमागची गाडी (नाशिक)

मी काही वर्षे शाळांना रेषेवरून चालणाऱ्या रोबोटची किट विकली आहेत, म्हणून किटच्या प्रश्नापुरते लिहितो. किट दिल्याने आपले जोडणीचे कष्ट वाचतात खरे. पण तेच कष्ट फोनवर परत येतात आणि तेव्हा त्यांचे पैसे कोणी देत नाही. माझ्या पहिल्या किटमध्ये सगळे स्क्रू एकाच पिशवीत होते. एम३ चे ८ आणि १० मिमीचे स्क्रू मुलांना वेगळे ओळखता येत नसत. लांब स्क्रू सर्किट बोर्डाला टेकून शॉर्ट होई आणि ‘रोबोट सुरूच होत नाही’ असा फोन येई. पुढे प्रत्येक पायरीचे स्क्रू वेगळ्या कागदी पुडीत घालून पुडीवर पायरीचा क्रमांक लिहिला, आणि असे फोन जवळजवळ थांबले. दुसरी चूक स्वस्त मोटार ड्रायव्हरची. एल२९८ या चिपमध्येच सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे सेल थोडे उतरले की गाडी वळणावर अडे. टीबी६६१२ हा ड्रायव्हर वापरल्यावर ही तक्रार गेली. लिथियमचे सेल मात्र मी किटमध्ये घालत नव्हतो, कारण विमानाने जाणाऱ्या पार्सलांत त्यांच्यावर कडक निर्बंध आहेत.

रोबोटचे चाक दोन मिलिमीटर वाकडे बसले तरी गाडी चालते. राउटरचे तसे नाही. गॅन्ट्री गुण्यात (काटकोनात) नसेल, तर कोरलेली चौकट काटकोनी राहत नाही. म्हणून तुमच्या मशीनसाठी मी अर्धे किट सुचवेन : सांगाडा, रेल आणि बॉलस्क्रू तुम्ही जोडून, गुण्यात बसवून द्यावेत आणि वायरिंग, टेबल, झाकणे गिऱ्हाइकाने करावीत. पाठवण्यापूर्वी मशीनवर ४०० बाय ३०० मिमीचा आयत कोरून त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते ५०० मिमी भरले पाहिजेत. तो कोरलेला तुकडाच मोजमापे लिहून मशीनसोबत द्यावा. व्हीएफडी मात्र स्वतः सेट करून द्या. ४०० हर्ट्झच्या स्पिंडलला ५० हर्ट्झची बेस फ्रिक्वेन्सी (ज्या फ्रिक्वेन्सीला व्हीएफडी पूर्ण व्होल्टेज देतो ती) ठेवली, तर तो जळतो, आणि तो कारखान्यातूनच खराब आला होता असे गिऱ्हाईक अगदी प्रामाणिकपणे सांगते.

वहीखाते

एक गोष्ट कोणी बोलले नाही. निपाणी कर्नाटकात आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाकाठी ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. परंतु करपात्र माल राज्याबाहेर विकला, की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. कोल्हापूरहून विकणाऱ्याची निपाणी, बेळगाव आणि गोवा ही रोजची गिऱ्हाइके, तेव्हा तुम्ही सल्लागाराला भेटून हे आधी मार्गी लावा. नोंदणीचा लाभही आहे : ६२ हजारांचे सगळे भाग १८ टक्के कराच्या पक्क्या बिलावर घेतलेले असतील, तर त्यातल्या साधारण साडेनऊ हजारांची वजावट मिळते. रोखीने, बिलाविना घेतलेल्या भागांवर ती मिळत नाही.

दुसरे फर्मवेअरचे. जीआरबीएल जीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे. ते मशीनमध्ये घालून विकण्यास कोणतीही आडकाठी नाही. मात्र गिऱ्हाइकाला परवान्याची प्रत आणि तुम्ही केलेल्या बदलांसह सोर्स कोड मिळण्याची सोय करून द्यावी लागते. आपले बदल लपवून विकता येत नाहीत.

लाकूडवेडा (कोल्हापूर)

सर्वांचे आभार. रविवारी निपाणीला जाऊन आलो. सॉकेटमध्ये तिसरी पिन होती, पण उघडून पाहिले तर तिच्या मागे वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा खड्डा करून घेतला, स्पिंडलच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर जोडली आणि स्विच ‘नॉर्मली क्लोज्ड’ केले. त्यानंतर मशीन दोन दिवस देव्हाऱ्याची महिरप कोरत आहे आणि अद्याप थांबलेले नाही. कोणता उपाय लागू पडला हे सांगता येणार नाही, कारण मी तिन्ही एकदम केले.

सल्लागारांची वेळ घेतली आहे. चौथे मशीन साताऱ्याच्या एकांनी मागितले असून त्यांना एक लाख अधिक कर अशी किंमत सांगितली आहे, आणि मशीन पाठवण्यापूर्वी त्यांच्या अर्थिंगचे रीडिंग कळवण्याची अट घातली आहे. ते विचार करून सांगणार आहेत.