जुनी डिझेल जीप : इंजिन तापल्यावर ऑईल प्रेशर कमी होते

प्रश्न (सातारा)
माझ्याकडे १९९६ सालची डिझेल जीप आहे. इंजिन थंड असताना ऑईलचा दिवा सुरू होताच विझतो; परंतु पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढून वर आल्यावर, इंजिन पूर्ण तापलेले असताना, आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तो लुकलुकू लागतो आणि थोडी रेस दिली की विझतो. ऑईल १५डब्ल्यू-४० ग्रेडचे (म्हणजे जाडीचे) आहे. डिपस्टिकवरची पातळी कमी तर नाहीच, उलट वरच्या खुणेच्याही थोडी वर दिसते. मिस्त्री त्याहून जाड २०डब्ल्यू-५० टाकायला सांगतात. ते योग्य ठरेल का?

उत्तर (कोल्हापूर)
कृपया आत्ता जाड ऑईल टाकू नका. दिवा विझेल, पण कारण आत तसेच राहील. ऑईल पंप फक्त ऑईल ढकलतो, दाब तयार होतो तो बेअरिंगच्या बारीक फटीतून जाताना होणाऱ्या अडथळ्यामुळे. म्हणून ऑईल पातळ झाले किंवा फट वाढली की तापलेल्या इंजिनचा दाब आधी आयडलिंगलाच उतरतो. दिव्याचा स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि गरम इंजिनवर आयडलिंगला व २००० आरपीएमला दाब मोजा. दर हजार आरपीएमला १० पीएसआय (दाबाचे एकक) हा ढोबळ अंदाज आहे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा.

माझे लक्ष मात्र तुमच्या डिपस्टिकवर आहे. ऑईल न घालता पातळी वाढत असेल, तर त्यात काहीतरी मिसळत आहे. पाणी असल्यास ऑईल दुधाळ दिसते. डिझेल असल्यास रंग काळाच राहतो, पण वास येतो आणि बोटांत घेतल्यावर ऑईलचा चिकटपणा जाणवत नाही. फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) इंजिन ब्लॉकवर बसवलेला व डायफ्रॅमचा (लवचीक पडद्याचा) असेल, तर फाटलेल्या डायफ्रॅममधून डिझेल थेट चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात) उतरते. इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचे सील गळाले तरी हेच घडते.

उत्तर (नाशिक)
चेंबर उतरवलेच, तर ऑईल पंपाची जाळी आणि रिलीफ व्हॉल्व्हही (जास्तीचा दाब सोडणारी झडप) पाहा. व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला, तर पंप चांगला असूनही ऑईल परत चेंबरमध्येच जाते.

प्रश्नकर्ता
गेज लावले. गरम इंजिनवर आयडलिंगला ६ आणि २००० आरपीएमला १९ पीएसआय मिळाले. ऑईलला डिझेलचा स्पष्ट वास होता आणि फीड पंपाचा डायफ्रॅम कडेला चिरलेला निघाला. फीड पंप, ऑईल व फिल्टर बदलल्यावर, त्याच १५डब्ल्यू-४० ग्रेडवर, आयडलिंगला १३ आणि २००० ला ३१ पीएसआय मिळत आहेत. आता चेंबर उघडण्याची गरज आहे का?

उत्तर (कोल्हापूर)
होय, मी तरी उघडेन. डिझेलमिश्रित ऑईलवर घाट चढताना कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर ऑईलचा थर टिकत नाही. रॉडची एक कॅप (बेअरिंग धरून ठेवणारा खालचा अर्धा भाग) काढून बेअरिंग पाहा : करड्या थराखालून तांबे दिसू लागले असेल, तर सर्व बेअरिंग बदला, जर्नलवर (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) नखाला लागणारे ओरखडे असतील, तर आधी क्रँक ग्राइंडिंग करून घ्या. प्रत्येक कॅप स्वतःच्याच रॉडवर आणि त्याच दिशेने बसली पाहिजे, म्हणून काढण्याआधी खुणा करा. जोडणीनंतर डिझेल बंद ठेवून, गेज दाब दाखवेपर्यंत, फक्त स्टार्टरवर थांबत थांबत इंजिन फिरवा.