अण्णांचा हात थरथरायलाय, कातडीची टेस्ट आणि स्टेम सेल करावं का?

पूर्णाकाठ (जिंतूर)

नमस्कार मंडळी. आमचं गाव जिंतूर तालुक्यात, जिल्हा परभणी. वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६४, आयुष्यभर शेती. मागच्या दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरायलाय, मांडीवर नुसता ठेवला की जास्त, विळा हातात घेतला की थांबतो. वयाचं असंल म्हणून आम्ही सोडून दिलं. पण जूनमध्ये पीककर्ज नवंजुनं करायला बँकेत गेलो तर सही जुळेना, साहेबांनी जुना कागद काढून शेजारी ठेवला, त्याच्यावरची सही चांगली ऐसपैस आणि आताची मुंगीएवढी, आडनावापर्यंत येता येता तर अक्षरंच दिसंनात. तीनदा करून बघितली, तिन्ही वेळा तशीच. अण्णा तिथं काही बोलले नाहीत पण घरी येईपर्यंत गाडीवर गप्पच होते.

मग परभणीला दाखवलं. डॉक्टर म्हणले पार्किन्सन वाटतोय, कंपवात, गोळी सुरू करू. तेवढ्यात साडूनं एका मोठ्या शहरातल्या सेंटरचा नंबर दिला, ते म्हणायलेत की स्वतःच्याच चरबीतल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात अशा मूळ पेशी) काढून पाठीच्या कण्यात सोडू, तीन वेळा यावं लागंल, साडेपाच लाख. आजार मुळापासून जातो म्हणले. वर असंही म्हणले की गोळी आत्ता सुरू करू नका, एकदा सुरू केली की चार-पाच वर्षांत तिची ताकद संपते. पुण्याचा भाचा म्हणतो आधी कातडीचा तुकडा काढून टेस्ट करा, अमेरिकेत निघालीय, पक्कं निदान होतं. अण्णा रस्त्याकडचा एक एकर द्यायला तयार झालेत. मला रात्री झोप नाही. कुणाला खरी माहिती असंल तर सांगा, लई उपकार होतील.

औषधदुकान (लातूर)

भाऊ, पहिलं एक सांगा, अण्णा सध्या कोणकोणत्या गोळ्या घेतात? पार्किन्सनच्या नाही म्हणत मी, सगळ्याच. ॲसिडिटीची, चक्करची, झोपेची, जी काय असंल ती, पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं नाव वाचून टाका. मी १८ वर्षं काउंटरवर बसतोय, विचारण्यामागं कारण हाय.

पूर्णाकाठ (जिंतूर)

बीपीची एक आहे. आणि ॲसिडिटीची कॅप्सूल, सकाळी उपाशीपोटी, ती दोन-अडीच वर्षांपासून चालूच आहे, जुनी चिठ्ठी दाखवून आणतो. मागं लिहिलंय पॅन्टोप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. मध्ये चक्कर यायची तर फ्लुनारिझिन पण दिली होती, ती दोन महिने घेतली.

औषधदुकान (लातूर)

तेच म्हणत होतो. भाऊ, लेव्होसल्पिराइड आणि फ्लुनारिझिन ही दोन्ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या रसायनाचं काम अडवतात, आणि काही लोकांना त्यानं हुबेहूब पार्किन्सनसारखंच होतं, हात कापतो, चाल मंदावते, चेहरा ठोकळ्यासारखा होतो. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड पण त्यातलंच. ही कॅप्सूल थोड्या दिवसांसाठी असते हो, पण आपल्याकडं लोक एकच चिठ्ठी वर्षानुवर्षं फिरवतात, बरं वाटतंय म्हणून बंदच करत नाहीत, आणि आम्ही दुकानदार पण देत राहतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो, आता मी तरी प्रत्येकाला विचारतो किती दिवस झाले म्हणून. मी डॉक्टर नाही. पण ती दोन्ही पाकिटं पिशवीत घालून न्यूरोच्या डॉक्टरपुढं ठेवा, नुसतं तोंडी सांगू नका.

घाटरस्ता (संभाजीनगर)

मी न्यूरॉलॉजीत काम करतो, पेशंटला न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या तिन्ही प्रश्नांवर जे माहीत आहे ते सांगतो.

लातूरच्या दादांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या ओपीडीत नवीन कंपवाताचा पेशंट आला की आधी पिशवी उलटी करायला लावतो. औषधानं झालेलं असेल तर ते औषध थांबल्यावर काही आठवड्यांत, कधी सहा महिन्यांपर्यंत उतरतं. (मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र स्वतःच्या मनानं कुणीही बंद करू नयेत.) पण दादा, तुमच्या लिहिण्यातलं मला दुसरंच टोचतंय, एकाच बाजूचा हात, बसल्यावर थरथर आणि सही बारीक होत जाणं, हे खऱ्या पार्किन्सनमध्ये जास्त दिसतं. औषधाच्या प्रकारात बहुतेकदा दोन्ही बाजू सारख्या धरतात, नेहमीच असं नाही. कधीकधी आजार आतून सुरू झालेलाच असतो आणि असं औषध त्याला लवकर उघडं पाडतं. म्हणून खऱ्या आजारात थरथरीच्या आधीपासून दिसू शकतात अशा तीन गोष्टी विचारतो: अण्णांना वास येतो का? बद्धकोष्ठ किती वर्षांचं? आणि झोपेत ओरडतात, हात झटकतात का? आईंना विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं.

आता कातडीची टेस्ट. ती खरी आहे. २०२४ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, ४२८ लोक, मान, मांडी आणि पायाच्या खालच्या भागातून ३ मिलीमीटरचे तुकडे घेतले आणि नसांमध्ये अल्फा सायन्युक्लिन नावाचं बिघडलेलं प्रोटीन शोधलं. पार्किन्सनवाल्यांत ९२.७ टक्क्यांना सापडलं, निरोगी लोकांत ३.३ टक्क्यांना. त्याआधी २०२३ मध्ये पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यावरची तशीच टेस्ट ११२३ लोकांवर करून बघितली, पार्किन्सनमध्ये ८७.७ टक्के बरोबर आली, वास गेलेल्यांत त्याहून चांगली. मोठं काम आहे हे, कारण १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सननं आजाराचं वर्णन केलं तेव्हापासून आपण डोळ्यांनी बघून, हात हलवून, चालवूनच निदान करत आलोत. पण कातडीची टेस्ट एमएसए (मल्टिपल सिस्टम ॲट्रॉफी) आणि लेव्ही बॉडी डिमेन्शिया (विसरभोळेपणाचा एक प्रकार) या पार्किन्सनच्या भाऊबंद आजारांतही पॉझिटिव्ह येते, म्हणजे ती घराणं सांगते, घरातला कोण ते सांगत नाही. आणि आली तरी अण्णांची उद्याची गोळी तीच राहणार. तुमच्या केसमध्ये औषधामुळं की आजारामुळं हा घोळ उरलाच तर ट्रोडॅट स्कॅन आहे, मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींचं काम दाखवणारा, मोठ्या शहरात होतो, नुसत्या औषधानं झालेल्या कंपात तो साधारण नॉर्मल येतो आणि खऱ्या आजारात कमी दिसतो. तोही लगेच नाही, आधी कॅप्सूलचा निकाल लागू द्या.

स्टेम सेलबद्दल मी जरा तळमळीनं लिहितोय, माफ करा. खरं संशोधन चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात दोन अभ्यास आले, अमेरिका-कॅनडातला १२ लोकांवर आणि जपानच्या क्योटोतला ७ लोकांवर. त्यात प्रयोगशाळेत डोपामिनच्या पेशी तयार करून कवटीला छिद्र पाडून मेंदूत अगदी ठरलेल्या जागी सोडल्या आणि शरीरानं त्या नाकारू नयेत म्हणून महिनोन्‌महिने औषधं दिली. आणि एवढं करून मुख्य प्रश्न काय होता, तर हे सुरक्षित आहे का. २०२५ मध्ये तिथं होतो आपण. पोटाची चरबी काढून पाठीत टोचणं म्हणजे ते नव्हे. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत स्टेम सेल फक्त रक्ताच्या ठराविक आजारांत नेहमीचा उपचार म्हणून मान्य आहे, बाकी सगळं फक्त ट्रायल, आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. त्या सेंटरला एकच विचारा, तुमच्या ट्रायलचा सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर) काय. आणि साडेपाच लाख मागतायत तिथंच उत्तर मिळालंय. एक एकर विकू नका दादा.

गोळीची ताकद संपते ही भीती मी रोज ऐकतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधून ४४५ पेशंटचा अभ्यास आला, अर्ध्यांना लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची हीच मुख्य गोळी, लगेच दिली, अर्ध्यांना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. लवकर सुरू केली म्हणून आजार थांबला नाही, पण नुकसानही झालं नाही. त्याआधी घानामधल्या पेशंटांवर काम झालं होतं, तिथं लोकांना गोळीच कित्येक वर्षं उशिरा मिळायची, त्यांनाही पुढचे त्रास (गोळीचा असर मध्येच उतरणं, अंग वेडंवाकडं हलणं) आजार जुना झाला तसेच सुरू झाले, गोळी किती वर्षं घेतली त्यावर नाही. ताकद गोळीची संपत नसते, आजार पुढं गेलेला असतो. उशीर करून अण्णांची चालती-फिरती वर्षं मात्र वाया जातात.

आसनाकाठ (नांदेड)

डॉक्टर साहेब, आमच्या काकांना एकानं खाजकुहिलीच्या बियांची पावडर दिलीय, त्यानं फरक पडतो म्हणतात. आणि शुगरच्या इंजेक्शननं पार्किन्सन थांबतो असा मेसेज पण फिरायलाय.

घाटरस्ता (संभाजीनगर)

खाजकुहिलीत खरोखरच लेव्होडोपा असतं, त्यामुळं फरक पडणं खोटं नाही. पण चमच्यात किती गेलं ते कळत नाही, आणि वर गोळी चालू असेल तर डोस दुप्पट होऊन उलट्या, भास, अंग वेडंवाकडं हलणं होऊ शकतं. काका घेत असतील तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

शुगरच्या इंजेक्शनचं असं, २०२४ मध्ये लिक्सिसेनाटाइडचा १५६ लोकांवरचा अभ्यास आला, वर्षभरात त्रास वाढला नाही, मळमळ मात्र बऱ्याच जणांना झाली. सगळ्यांना आशा वाटली, मलाही. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच जातीच्या एक्सेनाटाइडचा मोठा अभ्यास आला, १९४ लोक, ९६ आठवडे, काहीच फायदा नाही. म्हणून आत्ता कुणाला देत नाही आम्ही.

माईची लेक (बीड)

दादा, माझ्या माईला नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच आहे, मी फक्त घरातलं सांगते. गोळी आणि भाकरी एकत्र देऊ नका. वरण, दूध, शेंगदाण्याची चटणी, ह्यातलं प्रोटीन गोळीला पोटात आडवं येतं. आम्ही पहिले दोन वर्षं चहा-दुधासोबत देत होतो आणि म्हणत होतो गोळी लागूच पडत नाही. आता सकाळी साडेसहाला गोळी नुसत्या पाण्यासोबत, साडेसातला भाकरी. लोहाची गोळी असंल तर ती पण दोन तास लांब ठेवा. मोबाइलमध्ये अलार्म लावा, अर्धा तास उशीर झाला तरी माईच्या बोटांवर कळतं, पदराचं टोक चिमटीत धरता येत नाही.

पुढं कधी पाय चिकटायला लागले, म्हणजे उंबऱ्याजवळ येऊन माणूस तिथंच उभा राहतो, तर ओढू नका, पडतात. मी उंबऱ्याच्या अलीकडं खडूनं चार आडव्या रेघा मारल्यात. माई एकेक रेघ ओलांडते आणि बाहेर येते. पहिल्या दिवशी ती रेघा ओलांडून ओट्यावर आली तेव्हा मी रडले हो. आणि चालणं सोडू देऊ नका, अण्णांना शेतात जाऊ द्या.

पूर्णाकाठ (जिंतूर)

(सात आठवड्यांनी)

मंडळी, उशिरा लिहितोय, सोयाबीनच्या काढणीत होतो. न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवलं, पाकिटं पुढं ठेवली, त्यांनी कॅप्सूल त्याच दिवशी बंद केली आणि ॲसिडिटीची साधी गोळी दिली. आईला विचारलं तर ती म्हणली वास तर त्यांना चार-पाच वर्षांपासून येत नाही, भाजी करपली तरी कळत नाही, आणि रात्री बैल उधळले म्हणून झोपेत ओरडतात, एकदा तिच्या डोळ्याला हात लागला होता. एवढं होऊन आम्हाला पोरांना कधी बोललीच नाही.

दीड महिन्यात चाल सुधारली, चेहरा मोकळा झाला, परवा नातवाला हसले. हाताची थरथर मात्र तशीच आहे. डॉक्टर म्हणले आजार आहेच, कॅप्सूलनं भर घातली होती. स्कॅनची गरज नाही म्हणले. कालपासून अर्धी-अर्धी गोळी तीन वेळा सुरू केलीय. सेंटरला तो नंबर विचारला तर फोनवरची बाई म्हणली सरांना विचारून सांगते, त्याला तीन आठवडे झाले. रस्त्याकडच्या एकरात आता हरभरा पेरायचाय.

माई ताई, एक विचारायचं होतं, दुपारी अण्णा शेतात असतात आणि डबा बाराला सोडतात, तर दुपारची गोळी किती वाजता द्यावी? आणि गोळी घेतल्यावर मळमळ होते म्हणतात.

माईची लेक (बीड)

साडेअकराच्या आत द्या दादा, डब्याच्या झाकणाला वेगळ्या पुडीत बांधून पाठवा. सुरुवातीला मळमळ होते, माईला पंधरा दिवस झाली होती, तेवढ्यापुरतं एखादं साधं बिस्कीट किंवा केळाचा तुकडा सोबत चालतो, दूध नको. पण उलटीची गोळी दुकानातून मनानं आणू नका, वर लातूरच्या भाऊंनी नाव लिहिलंय ती मेटोक्लोप्रामाइड तर अजिबात नाही, डॉक्टरांनाच फोन करा.