कर्नेल्याचा दानधर्म आणि तारणापूर्वीची सत्कृत्ये

प्रश्न (ओट्यावरचा)
आमच्या शेजारी एक वारकरी आजोबा राहत असत. दर चैत्रात ते ओट्यावर दोन रांजण मांडत, पहाटे काथ्याने आतून स्वतः घासत आणि तोंडाला फडके बांधून भरून ठेवत. ऊसतोडीहून परतणारी माणसे तिथे थांबून पाणी पीत. ते वारल्यानंतरच्या शास्त्रपाठात आमच्या पाळकांनी बायबलमधील यशया ६४:६ वाचून सांगितले, की तारण (पापातून सुटका) न झालेल्या माणसाची सत्कृत्ये देवापुढे मळक्या चिंध्यांसारखी असतात. तारण कृत्यांनी नव्हे, तर कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे होते, हे मला मान्यच आहे (इफिसकरांस पत्र २:८-९). माझा प्रश्न एवढाच, की त्या पाण्याला ‘चांगले’ म्हणावे की नाही?

उत्तर (पेन्शनर पंतोजी)
आपल्या पाळकांच्या म्हणण्याला जुना आधार आहे. विश्वासाने नाही ते पाप, असे प्रेषित पौल रोमकरांस पत्र १४:२३ मध्ये म्हणतो (तिथे विषय खाण्यापिण्याचा आहे, हे बरेचदा विसरले जाते), आणि ख्रिस्ताच्या कृपेपूर्वीच्या कृत्यांना पापाचे स्वरूप असते, असे इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी तेरावे कलम सांगते. १६४६ ची वेस्टमिन्स्टरची विश्वासकबुली (प्रोटेस्टंटांचा एक सिद्धांतलेख) मात्र जास्त बारकाईने बोलते. अशी कृत्ये देवाने आज्ञापिलेली असू शकतात, करणाऱ्याच्या आणि इतरांच्या उपयोगाचीही असतात. पण ती विश्वासाने शुद्ध झालेल्या अंतःकरणातून निघत नाहीत आणि देवाच्या गौरवासाठी केलेली नसतात, म्हणून ती पापमय. पुढचे वाक्य लोक वाचत नाहीत: ती न करणे हे त्याहून मोठे पाप. म्हणजे या कडक मतानुसारही आजोबांनी रांजण भरला नसता, तर ते अधिक वाईट ठरले असते.

उत्तर (वसईकर)
आम्हा कॅथलिकांकडे हा प्रश्न १५४७ मध्ये त्रेंतच्या परिषदेने हाताळला. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कृत्यांनी माणूस नीतिमान ठरतो, हे म्हणणे परिषदेने नाकारलेच. पण नीतिमान ठरण्यापूर्वी केलेली सर्व कृत्ये पापच असतात, हेही तितक्याच स्पष्टपणे नाकारले. पुढे १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी, अविश्वासू लोकांची सर्व कृत्ये पापे आहेत, हे विधान दोषी ठरवले. यशयाच्या त्या वचनाविषयीही एक सांगतो. तिथे ‘आमची’ धर्मकृत्ये असा शब्द आहे. देवाची स्वतःची प्रजा तिथे आपलीच कबुली देत आहे. ते वचन शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवण्यापूर्वी स्वतःच्या दारात वाचावे, असे मला वाटते.

उत्तर (मुक्तीची लेक)
पंडिता रमाबाईंचे उदाहरण या चर्चेत यायलाच हवे. त्यांनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापला, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. त्यांच्याच हिशेबाने मग १८८९ चे शारदा सदनही तारणाच्या अलीकडच्या काठावरचे ठरते. विधवांना तिथे मिळालेले छप्पर आणि अक्षरओळख यांना चिंधी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मात्र त्या सदनाच्या बळावर आपले तारण झाले, असा दावा बाईंनीही कधी केला नाही.

प्रश्नकर्ता (ओट्यावरचा)
आपणा सर्वांचा आभारी आहे. मग कर्नेल्या या रोमी शताधिपतीचे काय? बायबलच्या प्रेषितांची कृत्ये १० मध्ये त्याच्या प्रार्थना आणि दानधर्म देवापुढे स्मरणार्थ पोहोचल्याचे देवदूत सांगतो, आणि हे येशूचा शिष्य पेत्र त्याच्या घरी सुवार्ता सांगायला जाण्याआधीचे आहे.

उत्तर (पेन्शनर पंतोजी)
आमच्या प्रोटेस्टंट बाजूचे काही लोक, त्याच्यात आधीच विश्वास होता, असे म्हणून सुटका करून घेतात. मला ते तितकेसे पटत नाही, कारण ११:१४ नुसार त्याचे व त्याच्या घराण्याचे तारण ज्या वचनांनी होणार, ती पेत्र अजून सांगायचा होता. दान देवाने पाहिले, आणि तरीही पेत्राला याफोहून बोलावून घ्यावे लागले. ही दोन्ही वाक्ये एकाच गोष्टीत आहेत; त्यातले एक वगळण्याचा अधिकार आपल्या पाळकांना नाही, आणि दुसरे वगळण्याचा मला नाही.

उत्तर (वसईकर)
पंतोजींशी इतके एकमत व्हावे, याचे मलाच नवल वाटते. ते रांजण आता कोण भरते?

प्रश्नकर्ता (ओट्यावरचा)
एक फुटला. दुसरा सध्या मी भरतो; फडके आजोबांचेच आहे.