मदत हवी आहे: केमिस्ट्री मेजरसोबत अकाउंटन्सी घेऊ की मार्केटिंग?

सांगलीत बी.एस्सी. करतेय, मेजर (मुख्य विषय) केमिस्ट्री. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर (दुय्यम विषय) दुसऱ्या शाखेचा घेता येतो, म्हणून व्यवसायाशी संबंधित विषय घ्यायचं नक्की केलंय. कॉलेजात दोनच पर्याय आहेत: अकाउंटन्सी किंवा मार्केटिंग. दुपारी प्रॅक्टिकल असतात, त्यामुळे बाहेर क्लास जमणार नाही.

पुढे हळद-बेदाण्याच्या धंद्यातच उतरायचंय. घरी बेदाणा होतो. तासगावच्या सौद्यानंतर हातात येणारी पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती), त्यातली हमाली, तोलाई आणि इतर कपात मला नीट कळते. पण शेड टाकायचं झालं तर खेळतं भांडवल किती लागेल, जीएसटी कसा भरायचा, बँकेपुढे कोणते आकडे ठेवायचे, हे कळत नाही. त्यामुळे ओढा अकाउंटन्सीकडे आहे.

दोन्हींचा अभ्यासक्रम वाचला, सरांशी बोलले. ते म्हणतात, मार्केटिंगला मार्क पडतात. एमबीएला कोणतीही पदवी चालते हे माहीत आहे, तो मुद्दा नाही. अकरावी-बारावीला कॉमर्स नव्हतं.

सायन्सकडून येऊन अकाउंटन्सी मायनर घेतलेलं कुणी आहे का? जर्नल-लेजरचा (रोजकीर्द-खतावणीचा) पाया नसताना पहिलं सत्र झेपतं का, आणि त्यातलं प्रत्यक्ष धंद्यात काय उपयोगी पडलं?